अक्काचं अपील

साताऱ्याला बदली झाल्याचा हुकूम आला तेव्हा मी विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी होतो. बायको अंगणात खाटेवर सांडगे घालत होती. "कुठं?" एवढंच तिनं विचारलं. मी सातारा म्हटलं. तिनं पिठाचा हात पातेल्याच्या काठावर निरपला आणि म्हणाली, "बरं झालं. सांगली जवळ पडेल." सांगली तिचं माहेर. बढती मिळाल्याचं मी त्यानंतर सांगितलं. तिनं ते ऐकून घेतलं, पण तोवर तिला ओल्या सांडग्यांचं काय करायचं याची काळजी लागली होती.

बदल्यांचा आम्हा दोघांनाही शीण आला होता. प्रत्येक गावी तेच. नवं बिऱ्हाड, नवा दूधवाला, आणि गावात ओळखी वाढवायच्या नाहीत हा जुनाच नियम. वकिलांच्या, व्यापाऱ्यांच्या घरच्या लग्नपत्रिका यायच्या; आम्ही अक्षता टाकायलाही जायचो नाही. मुलगा शाळेत कुणाशी तरी गट्टी जमवायचा आणि त्या पोराच्या बापाचा दावा माझ्यापुढं आहे असं निघायचं. मग त्याला सांगावं लागायचं, तिकडे खेळायला जाऊ नकोस. का, ते सांगता यायचं नाही. तोही पुढं पुढं विचारेनासा झाला.

आता मी असिस्टंट जज झालो होतो. म्हणजे तालुक्यांच्या कोर्टांनी दिलेल्या निकालांवरची अपिलं माझ्यापुढं यायची. लोक अभिनंदन करायचे, "वरच्या कोर्टात गेलात" म्हणायचे. मला मात्र हे काम पहिल्यापासून जरा सुतकी वाटलं. खालच्या कोर्टात माणसं दिसतात. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहतो, घसा खाकरतो, वकिलाकडे बघतो, खोटं बोलायची वेळ आली की धोतराचा सोगा मुठीत धरतो. अपिलात यातलं काहीच नसतं. जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं आणि टाइप होऊन पुढ्यात आलेलं असतं. सबंध दिवस कागद वाचायचे, दोन वकिलांचं ऐकायचं आणि ठरवायचं की आपल्याआधीच्या माणसाचं चुकलं की नाही. ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय ती माणसं व्हरांड्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेली असायची. कोर्टातून उठून जाताना तेवढी त्यांची पागोटी दिसायची.

आमचं घर आटपाडीकडचं, मेंढरं राखणारं. दिवाळी झाली की आबा, म्हणजे माझे वडील, मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरायचे. उसाच्या मोकळ्या रानांत मेंढरं बसवायची, लेंडीखत पडायचं, त्याबद्दल शेतकरी धान्य द्यायचा. आई मी लहान असतानाच गेली होती. अक्का माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी, ती आबांबरोबर जायची. मला गावात चुलतीपाशी ठेवलं होतं, आणि गावात शाळा होती म्हणून शाळेत घातलं, एवढंच. माझ्यासाठी कुणी काही स्वप्न बघितलं होतं असं नाही. अक्कानं शाळेत जावं असं तर कुणाच्या डोक्यातही आलं नाही. तिच्याही नाही.

मॅट्रिक झालो. सांगलीच्या एका वसतिगृहात राहून कॉलेज केलं, कोल्हापूरला वकिलीची परीक्षा दिली आणि तासगावात एका बुजुर्ग वकिलांच्या हाताखाली काम करू लागलो. तासगावला तेव्हा द्राक्षबागा नुकत्या लागत होत्या आणि बांधांची, पाटांची भांडणं भरपूर होती. मला काम मिळालं असतं. पण कोर्टात उभा राहून बोलायला लागलो की माझ्या तोंडून मधूनच एखादं 'हुतं', एखादं 'न्हाई' निसटायचं आणि समोरचे वकील एकमेकांकडे बघून हसायचे. बसून ऐकायचं काम आपल्याला जास्त जमेल असं वाटून मी न्यायाधीशाच्या परीक्षेला बसलो आणि पास झालो.

आबांना वकील कळत होता. आपल्या बाजूनं भांडतो तो वकील. जज काय करतो हे मी सांगितल्यावर ते विचारात पडले.

"म्हंजे तू कुनाचाच न्हाईस?"

"व्हय आबा, कुनाचाच न्हाई."

"मंग आपल्याला काय उपेग रं त्याचा?" ते म्हणाले आणि हसले. मीही हसलो. तेव्हा मला त्यात हसण्यासारखंच वाटलं होतं.

अक्काला माण तालुक्यात दिली होती. आटपाडीची हद्द ओलांडली की माण. नुसता जिल्हा बदलतो, माळ तोच. तिच्या घरी दोघं भाऊ. थोरला जमीन बघायचा आणि धाकटा, म्हणजे आमचे दाजी, मेंढरं घेऊन बाहेर असायचे. दाजी मोठा गोड माणूस. कुणाशी वाकडं बोलायचे नाहीत, आणि कुठल्या गोष्टीचा नीट खुलासाही करायचे नाहीत. त्यांना एक मुलगी झाली, नंतर मूल झालं नाही.

मग दुष्काळाची वर्षं आली. आधी चारा संपला, मग पाणी. दाजींची मेंढरं काही मेली, काही मातीमोल विकली. दाजी खडी फोडायच्या कामावर गेले, तिथून ताप घेऊन घरी आले आणि आठवड्याच्या आत गेले. दिवसकार्य झाल्यावर थोरल्या भावानं, अक्काच्या दिरानं, चार माणसांदेखत तिला सांगितलं की आमची वाटणी मागंच झालेली होती. मेंढरं धाकट्याची, जमीन आणि विहीर माझी. मेंढरं मेली त्याला मी काय करू? तुला आणि पोरीला पोटाला घालीन, पण जमिनीत तुझं काही नाही.

वाटणीचा कागद नव्हता. तोंडी झाली असं तो म्हणत होता, आणि अक्का म्हणत होती की असं कधी झालंच नाही. तिनं दावा लावला. आबांनी तिच्या बाजूनं धावपळ केली. मी तेव्हा विदर्भात. आबांनी चांगला वकील बघून दे म्हणून निरोप धाडला होता, मी तेही केलं नाही. भावाच्या ओळखीचा वकील होता असं पुढं कुणी म्हणायला नको, असा माझा हिशेब. खालच्या कोर्टात अक्काच्या बाजूनं निकाल लागला, निम्मी जमीन तिची ठरली. दिरानं साताऱ्याच्या जिल्हा कोर्टात अपील केलं. आणि नेमकी त्यानंतर माझी साताऱ्याला बदली झाली.

हजर झालो त्याच दिवशी मी जिल्हा न्यायाधीशांच्या खोलीत गेलो. ते निवृत्तीला आलेले, बारीक अंगाचे, बिनसाखरेचा चहा पिणारे गृहस्थ होते. मी अपिलाचं सांगितलं.

"नात्यानं कोण तुमच्या?" त्यांनी विचारलं.

"सख्खी बहीण."

"मी माझ्याकडे ठेवून घेतो ते. तुम्ही ती फाइल बघूही नका, कुणाला विचारूही नका."

"नाही, साहेब."

"आणि बहिणीला सांगून ठेवा." मी हो म्हटलं. गावी पत्र टाकलं. ते अक्काला कुणी वाचून दाखवलं, त्यातलं तिला किती समजलं, मला माहीत नाही.

दिवाळी होऊन गेली होती. एका संध्याकाळी मी कोर्टातून घरी परतलो तर बंगल्याच्या फाटकाबाहेर, भिंतीच्या कडेला, गाठोड्यावर कुणी बाई बसलेली. जवळ गेलो तेव्हा ओळखलं. पट्टेवाला अवघडून उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, ह्या म्हणत होत्या बहीण आहे. पण साहेबांचा हुकूम आहे, पक्षकारांना आत घ्यायचं नाही." त्याचं काही चुकलं नव्हतं. मीच तसं सांगितलेलं होतं.

अक्का उठली. वाळली होती. कपाळावर कुंकू नसलेली ती मी पहिल्यांदाच बघत होतो. दाजी गेले तेव्हा मला रजा मिळाली नव्हती.

"अक्का, तू हितं यायला नको हुतंस," मी म्हणालो.

"का? तुजं घर हाय न्हवं?"

"घर हाय. पर उद्या तुजी तारीख हाय, हितल्याच कोर्टात."

"तारीख हाय म्हून तर आले. एरवी मला कोन सोडतंय घरातनं?"

मी फाटकाशीच उभा होतो. आत बोलवावं की परत पाठवावं, मला उमगेना. तेवढ्यात बायको बाहेर आली आणि तिनं अक्काच्या हातातलं गाठोडं घेतलं. "या वन्सं," म्हणाली. मी तिला बाजूला घेऊन काय ते सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

"मग कुठं जातील त्या आता? स्टँडवर झोपतील?"

अक्का राहिली.

जेवायला बसलो तेव्हा मी अक्काला म्हणालो, की दाव्याचं माझ्यापाशी काही बोलायचं नाही, एक अक्षर नाही.

"बरं. मंग काय बोलू?" ती म्हणाली. "माज्या डोस्क्यात दुसरं काय हायच न्हाई."

मग तिनं पोरीच्या खोकल्याचं सांगितलं, बाजरीचं सांगितलं, आबांना आता कमी दिसतं ते सांगितलं. बायको तिला वाढत होती, ती नको नको म्हणत होती. मधेच तिनं माझ्याकडे बघितलं. "एवढंच सांग रं. त्यो मोठा जज मानूस कसा हाय? आयकून घेतो का?"

"जेव," मी म्हणालो.

सकाळी मी चालत कोर्टात निघालो. अक्का माझ्याबरोबर निघाली नाही. तिला न सांगताच ते कळलं होतं. बरंच अंतर ठेवून ती मागून येत होती. कोर्टाच्या वळणावर चहाच्या गाड्यापाशी तिचा दीर कपबशी घेऊन उभा होता. त्यानं मला बघितलं, मग मागं रस्त्याकडे बघितलं. त्यानं मला नमस्कार केला. मी मान हलवली आणि पुढं गेलो.

काही आठवड्यांनी जिल्हा न्यायाधीशांनी मला बोलावलं. टेबलावर हायकोर्टाकडून आलेला कागद होता. दिरानं अर्ज केला होता, की अपिलात समोर असलेली बाई असिस्टंट जजच्या बंगल्यात मुक्काम करते, तेव्हा साताऱ्यात आपल्याला न्याय मिळेल असं वाटत नाही, अपील दुसऱ्या जिल्ह्यात पाठवावं.

"राहिल्या होत्या?"

"एक रात्र. बहीण आहे, साहेब."

"बहीण आहे हे मला माहीत आहे हो," ते म्हणाले. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "मी तुमच्या जागी असतो तर मीही ठेवून घेतलं असतं. मग हा अर्ज माझ्यावर आला असता. अर्ज करणाऱ्याचंही काही चुकलं नाही. त्याला काय दिसलं? तुम्ही पुढं आणि बाई मागं."

अपील सांगलीला गेलं. साताऱ्यात ते जवळजवळ ऐकायला निघालं होतं. सांगलीच्या कोर्टात ते नवं म्हणून सगळ्यांत मागं लागलं. अक्काला पुन्हा वकील बघावा लागला, त्याला सगळी हकिकत पहिल्यापासून सांगावी लागली. अंतर म्हणाल तर साताऱ्याएवढंच, थोडं अधिक. पण गाव अनोळखी.

बायको म्हणाली, "माझ्या माहेरी उतरू दे त्यांना. आई-बाबा आनंदानं ठेवतील."

मी नको म्हटलं. तिथं राहिली तर तेही माझंच घर झालं असतं. त्यावर बायको माझ्याशी फारशी बोलली नाही, बरेच दिवस. भांडली असती तर बरं झालं असतं. ती जेवायला वाढायची, मुलाचा अभ्यास घ्यायची, आणि दिवा मालवताना एकदाच म्हणाली, "तुमचं बरोबरच असेल." पुढं कळलं की अक्का तारखेच्या आदल्या दिवशी तासगावात आबांच्या ओळखीच्या एका मेंढरंवाल्याच्या घरी उतरायची आणि सकाळच्या पहिल्या एसटीनं सांगली गाठायची. बऱ्याचदा तारीख पुढं गेलेली असायची. मग तशीच परत.

मी साताऱ्यात माझं काम करत होतो. माझ्यापुढं दुसऱ्यांची अपिलं यायची आणि त्यांत विधवा असायच्या, दीर असायचे, तोंडी वाटण्या असायच्या. असल्या फायली मी इतरांपेक्षा जास्त वेळ वाचायचो. त्या बाईला झुकतं माप दिलं तर ते अक्कामुळं दिलं असं वाटायचं. नाही दिलं तर तेही अक्कामुळंच. अखेर जे कागदावर आहे तेच बघायचं असं ठरवून मी लिहायचो. निकाल बरोबर असायचे, असं मला वाटतं. त्यांतले काही हायकोर्टात टिकले, काही नाही.

अक्काच्या अपिलाचा विचारच केला नाही असं म्हटलं तर ते खरं होणार नाही. फाइल न बघताही मला सगळं माहीत होतं. रात्रंदिवस नाही, पण आंघोळीच्या वेळी, चालताना, मी तो निकाल मनातल्या मनात लिहायचो. कधी तिच्या बाजूनं, कधी तिच्याविरुद्ध. मला एक आठवत होतं. फार पूर्वी दाजी आमच्या घरी जेवायला बसले असताना कुणीतरी जमिनीचं विचारलं, तर ते म्हणाले होते, "मेंढरं माजी, माती दादाची." सगळे हसले होते. ते चेष्टेत होतं की खरं होतं, मला तेव्हा कळलं नव्हतं. दाजी तसेच बोलायचे. साक्षीदार असतो तर वकिलानं मला विचारलं असतं, नक्की काय म्हणाले, कधी म्हणाले, कोण कोण होतं. मी म्हणालो असतो, आठवत नाही. आणि ते खरंच असतं. पण मला कुणी साक्षीला बोलावलं नव्हतं.

अशीच दोन-तीन वर्षं गेली. मग एका दुपारी आबा साताऱ्याला आले, पेढ्यांचा पुडा घेऊन. अपील फेटाळलं होतं. अक्काची निम्मी जमीन कायम राहिली, विहिरीतला हिस्साही. आबांना आता नीट दिसत नव्हतं, पट्टेवाल्याचा हात धरून ते पायऱ्या चढले.

"केलंस बाबा," ते माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले. "भनीचं केलंस."

"म्या काय बी केलं न्हाई, आबा."

"बरं बरं, न्हाई केलंस." ते हसले, आणि बायकोला म्हणाले, "सूनबाई, हेला पयला पेढा द्या."

मी पुन्हा सांगायला तोंड उघडलं, पण ते इतके आनंदात होते, की ते तसंच राहून गेलं. त्याच हिवाळ्यात आबा वारले.

त्यानंतर काही महिन्यांनी हायकोर्टात माझ्याविरुद्ध अर्ज गेला. निनावी होता, पण गावातून कुणी पाठवला असेल याचा अंदाज येत होता. मी सांगलीच्या न्यायाधीशांना भेटून बहिणीचं अपील जिंकून दिलं, आणि माझी बहीणच गावात तसं उघड सांगते, असं त्यात होतं. माझ्याकडून खुलासा मागवला. मी दिला. सोबत मला सांगलीच्या निकालाची प्रत आली होती, ती मी तेव्हा पहिल्यांदा वाचली. मग वाट बघणं आलं. जिल्हा न्यायाधीश व्हायची माझी पाळी जवळ आली होती. त्या वर्षीच्या यादीत माझ्यानंतरच्या माणसाचं नाव निघालं. अर्जामुळंच तसं झालं असं कुणी म्हणालं नाही. कुणी काहीच म्हणत नाही, हे या नोकरीत मला फार आधी कळलेलं होतं. बायकोनं विचारलं, "आता?" मी म्हटलं, "आता काही नाही." खरं तर मला राग यायला हवा होता, पण दमल्यासारखं झालं होतं.

एका सुटीच्या दिवशी मी एसटीनं अक्काच्या गावी गेलो. दहिवडीच्या पुढं गाडी बदलली, शेवटचा रस्ता चालत. उन्हं चढली होती. अक्का चुलीपुढं बसली होती, पोरगी पाणी आणायला गेलेली. मला बघून ती धडपडत उठली, हात पदराला पुसले, आणि शेजारणीला हाक मारून म्हणाली, "आवं, माजा भाऊ आलाय, जज!" अंगणापलीकडे दिराचं दार होतं. तो बाहेर आला, मला बघितलं आणि आत गेला. म्हटलं, हा आता आणखी एक अर्ज.

चहा झाला. शेजारीण गेल्यावर मी विचारलं, "अक्का, तू लोकांस्नी काय सांगतीस?"

"काय सांगनार? माज्या भावानं केलं म्हून सांगती."

"ते खोटं हाय."

"आसंल. तुला तसं म्हनावं लागतंय, मला ठावं हाय." तिनं माझ्याकडे बघून डोळे मिचकावले, आबांसारखे.

मला ते सहन झालं नाही. मी जरा जोरानंच बोललो. "अक्का, आयक. सांगलीच्या त्या सायबांस्नी मी वळखत बी न्हाई. कवा भेटलो न्हाई. चिठ्ठी न्हाई, निरोप न्हाई, कुनाकरवी एक सबूद न्हाई. म्या खरंच काय बी केलं न्हाई."

तव्यावरची भाकरी करपायला लागली तशी तिनं ती उचलली आणि खाली ठेवली, पण पुढची टाकली नाही.

"खरंच न्हाई?"

"न्हाई."

"मला वाटलं, तोंडावर न्हाई म्हनतोस आन मागनं करतोस." तिचा आवाज उतरला. "येवढ्या खेपा केल्या मी सांगलीच्या. तारीख फुडं गेली की गाडीत बसायची आन मनाशी म्हनायची, आसू दे, आपला भाऊ हाय, त्यो बघतोय. आबा बी तसंच म्हनायचं."

अर्जाचं, बढतीचं सांगायला म्हणून मी आलो होतो. ते सांगितलं असतं तर तिनं ऐकलंही असतं, पण मला त्यातलं काही सांगावंसं वाटेना. बाहेर पोरगी हंडा घेऊन आली, उंबऱ्यात ठेवला आणि आमची तोंडं बघून परत बाहेर गेली.

अक्कानं विचारलं, "मंग त्या सायबानं माजं खरं मानलं? कुनी काय सांगितलं न्हाई, आन माज्या एकलीच्या बोलन्यावर?"

निकाल माझ्या ध्यानात होता. त्या न्यायाधीशांनी लिहिलं होतं, की वाटणी झाली हे दिरानं सिद्ध करायचं होतं आणि ते त्याला करता आलं नाही. अक्काबद्दल एकच परिच्छेद होता. या बाईची साक्ष बऱ्याच ठिकाणी विसंगत आहे, मेंढरांच्या बाबतीत तिनं एकदा एक आणि एकदा दुसरं सांगितलं आहे, तेव्हा तिच्यावर विसंबून चालणार नाही. पण त्याची गरजही नाही. निकाल चांगला होता. मी लिहिला असता तर असाच लिहिला असता.

"व्हय," मी म्हणालो. "तुजंच खरं मानलं."

मग तिनं पीठ ओढून घेतलं आणि दुसरी भाकरी थापायला लागली.

"सायब शाना हाय," ती म्हणाली.

दिरानं पुढं हायकोर्टात अपील केलं, ते दाखलच करून घेतलं नाही. माझ्यावरचा अर्ज काही कारवाई न होता फायलीला लागला. तसं एक ओळीचं पत्र आलं. विहिरीच्या पाळ्या ठरल्या, त्यांवरून अक्काची आणि दिराची भांडणं चालूच राहिली, पण कोर्टात कुणी गेलं नाही. दोघंही थकले होते. गावात अक्का आता वेगळं सांगू लागली होती, की सांगलीच्या सायबानं माझं तोंड बघून ओळखलं मी खरं बोलते. बायकोच्या कानावर आलं होतं, की यावर गावात कुणाचाच विश्वास बसत नाही. पहिलं पटलं होतं लोकांना.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मला जिल्हा न्यायाधीश करून मराठवाड्यात पाठवलं. अक्का निरोपाला येते म्हणाली होती, पण आली नाही. तिची पाणी घ्यायची पाळी होती आणि विहिरीतला गाळ काढायला माणसं लावलेली होती.